आमच्या घरात औषधाचा थेंब नाही

"हे सायकलवरून पडल्यामुळे असे झालेले नाहीत. आधी यांना काहीतरी झालं, म्हणून हे पडले," डॉक्टर म्हणाले.

अमरावतीच्या सरकारी दवाखान्यात अपघात विभागाच्या दाराशी शोभाकाकू आणि मी उभ्या होतो. आत दिवाकरकाका होते. खांद्याजवळचं हाड मोडलेलं, हात त्यांच्याच दुपट्ट्याच्या झोळीत बांधलेला. गावातल्या लोकांनी तो तसाच बांधून त्यांना जीपमध्ये घातलं होतं. आम्हाला वाटत होतं, एक्स-रे निघेल, पट्टा बांधतील आणि संध्याकाळच्या एसटीने काका-काकू घरी जातील.

डॉक्टरांनी काकांच्या डोळ्यावर बॅटरी धरून आम्हाला जवळ बोलावलं. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. याला पिनपॉइंट प्युपिल्स म्हणतात. तोंडातून लाळ थांबत नव्हती, अंग घामाने भिजलं होतं, मांडीचे स्नायू कातडीखाली आपोआप उडत होते. डॉक्टर म्हणाले, ऑरगॅनोफॉस्फेट पॉयझनिंग. म्हणजे पिकावरच्या किडीसाठी फवारतात त्या जातीचं विष अंगात जाणं. पोटातून जातं, श्वासातून जातं, कातडीतूनही जातं. मग त्यांनी विचारलं, घरात औषध कुठे ठेवता?

आमच्याकडे फवारणीच्या विषाला औषधच म्हणतात. काकूंनी मान ताठ केली. "आमच्या घरात औषधाचा थेंब नाही, डॉक्टर. कधीच नव्हता."

ते खरं होतं. आमचं गाव भातकुली तालुक्यात आहे. गावात रसायनाशिवाय शेती करणारं घर एकच, काका-काकूंचं. त्यांच्याकडे शेणखत, लिंबोळीचा अर्क, कपडे धुवायला रिठा. प्लास्टिकची पिशवी त्यांच्या उंबऱ्याच्या आत येत नाही. लोक हसतात. मी मात्र आठवीपासून बारावीपर्यंत त्यांच्याच ओसरीवर बसून अभ्यास केला. माझ्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. आता मी अमरावतीला वसतिगृहात राहते आणि बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. काकांची मुलगी बाळंतपणाला टेकलेली, तिला येणं शक्य नव्हतं. म्हणून काकूंच्या सोबतीला मी राहिले.

डॉक्टरांचा काकूंवर विश्वास बसला नाही. ते रागावले नाहीत, पण त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, घरात काही भांडण झालं होतं का? काका अलीकडे गप्प असायचे का? त्यांना काय म्हणायचं आहे ते मला कळलं. मी नाही म्हटलं. पण माझा आवाज मलाच पटला नाही. मोठ्या माणसाच्या मनात काय चाललेलं असतं ते मला कसं कळणार?

केस एमएलसी झाली. मेडिको-लीगल केस, म्हणजे ज्या रुग्णाची खबर दवाखान्याला पोलिसांना द्यावीच लागते. तुमच्यावर ही वेळ आली तर घाबरू नका, ती आपल्याविरुद्ध केलेली फिर्याद नसते. आम्हाला हे कोणी सांगितलं नाही. हवालदार दिसला तसा काकूंनी माझा हात घट्ट धरला.

काकांना मेडिसिनच्या वॉर्डात हलवलं आणि अ‍ॅट्रोपिन सुरू केलं. हे या विषावरचं इंजेक्शन. लाळ आणि घाम थांबेपर्यंत देत राहतात. त्याने तोंड कोरडं पडतं, बाहुल्या मोठ्या होतात आणि माणूस बरळतो. काका हवेत बोटांनी काहीतरी वेचत होते आणि सारखं म्हणत होते, "बाटली... ती बाटली घे."

ते ऐकून डॉक्टरांनी नर्सबाईंकडे पाहिलं. त्यांच्या डोक्यात काय आलं ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

संध्याकाळी अकोल्याहून काकूंचे मोठे भाऊ आले. त्यांना मी मामाच म्हणते. त्यांनीही ते बरळणं ऐकलं आणि त्यांना वेगळंच वाटलं. काकांच्या शेजारी वसंतरावांचं कपाशीचं वावर आहे. फवारा काकांच्या भाजीवर येतो म्हणून दोघांची दर हंगामात कुरबुर व्हायची. यंदा काकांनी ग्रामपंचायतीत अर्ज दिला होता. मामा म्हणाले, अर्ज दिला आणि महिना होत नाही तोच माणूस विषाने पडतो, हे काय आपोआप होते?

काकू नको नको म्हणत होत्या, पण आता त्याही आठवायला लागल्या होत्या. वसंतराव परवा धुऱ्यावर, दोन वावरांमधल्या बांधावर, उभा होता. पाहून हसला होता. कोणाचं हसणं कसं होतं यावर ते दोघे वॉर्डाबाहेरच्या बाकावर किती वेळ बोलले असतील.

मी बोलत नव्हते. वसंतरावांच्या वावरात फवारणीला माझे बाबा जातात.

तिसऱ्या दिवशी काकांनी मला ओळखलं. "सुजे, कॉलेज बुडवून राहिली का?" म्हणाले. अ‍ॅट्रोपिन कमी केलं. कोलिनएस्टरेज नावाची रक्ताची तपासणी असते, विषाने शरीरातलं एक द्रव्य किती दाबून टाकलं आहे ते त्यात कळतं. ती अजून वाईटच होती, पण डॉक्टर म्हणाले, ते द्रव्य हळूहळू वाढेल. काकूंनी पहिल्यांदा पोटभर चहा घेतला.

चौथ्या दिवशी सकाळी काकांची उशी लाळेने भिजली होती. बाहुल्या पुन्हा टाचणीएवढ्या.

डॉक्टरांनी केसपेपर पुन्हा चाळला. मग त्यांनी विचारलं, बाहेरून यांना कोण काय देतं? काकू तुळशीचा काढा आणायच्या, तो बंद झाला. वसतिगृहाच्या खानावळीतून मी वरण-भात आणायचे, तोही बंद. नर्सबाईंनी माझा डबा उघडून वास घेतला. त्यांचं काही चुकलं नाही, तरी माझे कान गरम झाले.

मामांनी बाकावर जागा करून मला बसवलं. "तुहा बाप कोणाच्या वावरात जाते कामाले?"

"वसंतरावच्या."

"फवारणीले?"

"हो."

त्यांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी नजर उचलली नाही. मामा म्हणाले, हवालदार दुपारी येणार आहे, बयाण मी देतो. वसंतरावचं नाव देतो, अन् फवारणाऱ्याचं बी.

मी जिन्याखाली जाऊन बाबांना फोन लावला. जयभीम म्हटलं, काकांची तब्येत सांगितली. शेवटी सरळ विचारलं, काका पडले त्या दिवशी तुम्ही फवारत होते का?

"नाई," बाबा म्हणाले. "हवा होती त्या दिवशी. पंप खांद्यावर घेतलाच नाई." मग म्हणाले, "काहून विचारून राहिली?"

मी म्हटलं, असंच. मी येतो तिकडे, म्हणून त्यांनी फोन ठेवला.

इथे मला लिहिताना अडखळायला होतं, पण लिहिते. माझा बाबांवर विश्वास बसला नाही. हंगामात वारा आहे म्हणून काम सोडणं त्यांना परवडत नाही, हे मी लहानपणापासून पाहिलं आहे. मालक म्हणाला, फवारा मार, तर ते मारणार.

वॉर्डात परतले तेव्हा काकूंचं डोकं दुखत होतं. डोळ्यांतून सारखं पाणी येत होतं. रडून आणि जागून असं होतंय, असं आम्हा दोघींनाही वाटत होतं. त्या म्हणाल्या, काकांची उशी ओली झाली आहे, जरा पालथी कर.

दवाखान्याची उशी रेक्झिनची. काकूंनी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं, प्लास्टिकवर यांना झोप येत नाही. म्हणून झोळीचा तो दुपट्टा सोडून, घडी करून त्यांनी उशीवर काकांच्या मानेखाली घातला होता. दुपारी त्याच्यावरच डोकं टेकून त्या पाच मिनिटं डोळे मिटायच्या. बाकीचे कपडे आल्या आल्या कापून टाकले गेले होते. दुपट्टा हातभर फाटका होता, तरी टाकायचा नव्हता. त्या घरात फाटक्याचं पायपुसणं होतं, पायपुसण्याचं पोतेरं.

मी तो उचलला, झटकायला गेले आणि थांबले.

वॉर्डात फिनाइलचा वास भरलेला. पण हा वास फिनाइलचा नव्हता. थोडा रॉकेलसारखा, थोडा कुजलेल्या लसणासारखा. संध्याकाळी बाबा वावरातून आले की त्यांच्या सदऱ्याला हाच वास असतो. लहानपणी मला तो बाबांचाच वास वाटायचा.

म्हणजे फवारा काकांच्या अंगावर आला होता. म्हणजे बाबा खोटं बोलले होते.

मी दुपट्टा हातात धरून खाटेच्या पायथ्याशी उभी राहिले. न्हाणीघर समोरच होतं. नळाखाली धरला असता, साबण लावला असता, तर कोणाला कळलंही नसतं, उलट काकूंनी शाबास म्हटलं असतं. हवालदार यायला अवकाश होता. काकांच्या ओठांच्या कडेने लाळेची तार उशीपर्यंत लोंबत होती.

मी नर्सबाईंकडे गेले. म्हटलं, "सिस्टर, याला औषधाचा वास येते."

त्यांनी हुंगला आणि तो प्लास्टिकच्या पिशवीत टाकून गाठ मारली. मला हात धुवायला पाठवलं. डॉक्टर आले. काकांची मान, पाठ, केस साबणाने धुवायला लावले, पुन्हा पुन्हा. मोडक्या हाडामुळे पहिल्या दिवशी त्यांना नीट वळवताच आलं नव्हतं. उशीही बदलली. काकूंनाही अंघोळ करून लुगडं बदलायला लावलं. डॉक्टर म्हणाले, "विष इथेच होतं. मानेखाली. आम्ही उतरवत होतो आणि ते पुन्हा आत जात होतं." मग त्यांनी विचारलं, या कापडाला ते लागलं कसं?

मामा म्हणाले, मी काय म्हणत होतो? फवारा मारला.

काकू तोंडावर हात ठेवून उभ्या होत्या.

"फवारा नाई, दादा," त्या म्हणाल्या. "हे त्या दिवशी नाल्यावर गेले होते."

दरवर्षी फवारणीच्या दिवसांत लोक औषधाच्या रिकाम्या बाटल्या नाल्यात फेकतात. नाल्याचं पाणी गुरं पितात. म्हणून काका त्या वेचून आणतात, पोत्यात भरतात आणि पोतं खांद्यावर घेतात. काच टोचू नये म्हणून पोत्याखाली दुपट्ट्याची घडी. त्या सकाळी एखादी बाटली रिकामी नसणार, बूचही सैल असणार. घडीतून मानेवर, पाठीवर झिरपत राहिलं असेल. पोतं गोठ्यामागे टाकून काका सायकलवर बसले आणि पडले.

"तुम्ही सांगितलं का नाही?" डॉक्टरांनी विचारलं.

"तुमी विचारलं घरात औषध आहे का," काकू म्हणाल्या. "ते तं साफसफाईले गेले होते."

त्यांनी लपवलं नव्हतं. त्यांना ते त्या प्रश्नाचं उत्तरच वाटलं नव्हतं. आपण औषध वापरत नाही, तर ते आपल्याला लागेल कसं, असं ते सगळं घर धरून चाललं होतं. आणि मीही.

हवालदार आला तेव्हा बयाण काकूंनी दिलं. मामा बाकावर बसून राहिले.

बाबा दुपारीच येऊन वॉर्डाच्या दाराबाहेर उभे होते. आत आले नव्हते. काकूंनी त्यांना पाहिलं आणि म्हणाल्या, "किसनभाऊ, असे दारात काहून? या ना." मामांनी माफी मागितली नाही. ते उठले, खाली गेले आणि चार चहा घेऊन आले. पहिला कप बाबांसमोर धरला.

काका सावकाश बरे झाले. खांद्याला आठाच्या आकड्यासारखा पट्टा, हातापायात बरेच दिवस अशक्तपणा. मुलीला मुलगा झाल्याची खबर त्यांना वॉर्डातच कळली. सुटी झाली तेव्हा त्यांनी नर्सबाईंना हात जोडले आणि तो दुपट्टा परत मागितला. बाईंनी त्यांना असं काही झापलं की वॉर्डातले सगळे हसले. त्या बाईंचे आणि त्या डॉक्टरांचे उपकार आमच्यावर आहेत. ते आमच्यावर संशय घेत होते, पण त्यांनी इलाज तासभरही थांबवला नाही.

तुमच्या घरी असं झालं तर अंगावरचं प्रत्येक कापड आधी उतरवा, केसांपर्यंत साबणाने धुवा, ते कापड जवळ ठेवू नका. आणि डॉक्टर विचारतील तेव्हा त्या दिवशी माणसाने काय काय केलं ते सगळं सांगा. चांगलं केलेलंसुद्धा.

काका आता रबरी हातमोजे घालून नाल्यावर जातात. पोतं खांद्यावर घेत नाहीत, सायकलच्या मागे बांधतात. रविवारी बाबाही जातात त्यांच्याबरोबर.

दिवाळीच्या सुटीत मी घरी गेले होते. बाबा फवारणीचा सदरा अंगणातच उतरवून ठेवत होते, हे नवीन होतं. मी तो काडीने उचलून बादलीत टाकला. ते पाहत होते.

"तुले वाटलं होतं ना, मीच म्हून?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं. 

बाबा पायावर पाणी ओतत राहिले. मग म्हणाले, "मले बी वाटलं होतं. आदल्या दिवशी त्याच धुऱ्यानं औषध मारलं होतं मी. तीन रात्री झोपलो नाई, पोरी."