बाटलीभर पाणी आणि दुसरी मोजणी

आम्ही नवराबायकोनं मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे नळाचं पाणी भरणं. आठव्या दिवशी पाणी आलं होतं. मुकुंदवाडीत आमच्या गल्लीत आधी बाया ओरडतात आणि मग नळ वाजतो. ती नळाशी बसली, मी पाइपाचं तोंड एका ड्रमातून दुसऱ्या ड्रमात फिरवत राहिलो. नळ गेला तशी तिनं मोठ्या टाकीत काठी बुडवली. त्या काठीला तिनं विळ्यानं खाचा पाडून ठेवल्या होत्या. ओली काठी माझ्यापुढं धरली.

"किती?" मी विचारलं.

"आधी तुम्ही सांगा."

तिचं सगळं असंच. मी खाच सांगितली. तिनं काठी पुसली, पुन्हा बुडवली, पुन्हा बघितली. "हां, आता झालं," म्हणली. मग काठी भिंतीला टेकवत म्हणली, "उद्या दवाखान्यात मी येणार हाय. तुम्ही सांगितलं तर बरं. नायतर मी सांगंन."

मला राग आला होता. भाकरी झाकून ठेवून ती म्हणली, जरा पडते. जेवायच्या वेळी उठवायला गेलो तर ती गेलेली होती. हात गार नव्हता, पण माणूस नव्हतं.

दवाखान्यात काय सांगायचं होतं ते आधी लिहितो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

मला लघवीच्या पिशवीखालच्या गाठीचा कॅन्सर आहे. प्रोस्टेट म्हणतात तिला. कंबर दुखायची तर मी म्हणायचो सिमेंटच्या गोण्या उचलल्या त्याचं आहे. तपासलं तर हाडात उतरलेला निघाला. इंजेक्शनं झाली, गोळ्या झाल्या. मग दवाखान्यातली डॉक्टरीणबाई म्हणली, नवीन औषध सुरू करू, पण त्याआधी तुमचा पेट स्कॅन दोन वेळा करायचा. एकदा केला की चार दिवसांनी परत. मधे औषध बदलायचं नाही, काही करायचं नाही. आमच्यासारख्या बऱ्याच माणसांचं ते असंच करून बघत होते. फुकट होतं.

मी म्हणलं, "एकदा केलं तर मशीनला दिसत नाय का?"

ती चिडली नाही. म्हणली, "बाबा, सुईतून औषध सोडतो, ते हाडातल्या गाठींवर जाऊन बसतं आणि तिथं फोटोत उजेड दिसतो. उजेड किती, त्याचा आकडा मशीन देतं. पण तुम्ही तेच, मशीन तेच, तरी आज एक आकडा येईल आणि चार दिवसांनी थोडा दुसरा. आपोआप किती हलतो ते आम्हाला आधी माहीत पाहिजे. नाहीतर उद्या औषधानं आकडा कमी झाला असं आम्ही म्हणू, आणि तो नुसता हलला असेल."

माझ्या डोक्यावरून गेलं. ही मात्र बाजूला बसून मान हलवत होती. बाहेर आल्यावर म्हणली, "अवं, आपली मेंढरं मोजायची तसंच हाय की."

आमची मेंढरं करमाडच्या बाजूला होती. आता तिथं कारखान्यांची कुंपणं आहेत, तेव्हा नुसतं माळरान. संध्याकाळी जाळीच्या वाड्यात मेंढरं घालताना एक फट ठेवायची. फटीच्या एका अंगाला मी, दुसऱ्या अंगाला ती. दोघांनी मनात मोजायचं, तोंडातून शब्द काढायचा नाही. शेवटचं मेंढरू आत गेलं की दोघांनी एकदम आकडा बोलायचा. एकदोनाचा फरक नेहमी पडायचा. कोकरू आईच्या पोटाखालून जातं, धुरळा असतो, दोन मेंढ्या अंग घासून घुसतात. तेवढा फरक धरायचाच नाही. त्याच्या वर गेला तर परत बाहेर काढून परत मोजायचं.

हे आम्ही ठोकर खाऊन शिकलो. लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी एकट्यानं मोजलं, चार कमी भरली. मी तसाच काठी घेऊन लाडसावंगीच्या अंगानं पळालो. दुसरा सगळा दिवस लांडग्याच्या नावानं शिव्या देत हिंडलो. परत आलो तर ही फटीशी बसलेली. म्हणली, "चारी आतच हायेत. तुम्हीच तेवढं हरवला व्हता." माहेरी, सासरी, बाजारात, सगळीकडं ती गोष्ट तिनं सांगितली. म्हातारपणी सुद्धा मला घरी यायला उशीर झाला की लेकीला म्हणायची, "मोजून बघ गं, तुझा बाप आतच असंल."

तर पहिल्या स्कॅनला मी एकटाच गेलो होतो, तेव्हा काय झालं. सुई टोचली, वजन केलं. वजन करताना डोक्याचं मुंडासंही काढायला लावलं, म्हणाले वजनावरून आकडा बदलतो. मग एका खोलीत बसवलं आणि हातात पाण्याची मोठी बाटली दिली. "तासाभरात सगळी संपवायची, आणि आत जायच्या आधी लघवी करून यायचं. औषध लघवीत पण उतरतं. पिशवी भरलेली राहिली तर तिथंच उजेड पडतो, जवळच्या हाडातलं नीट मोजता येत नाही."

मी बाटलीकडं बघितलं. घरी नळ येऊन पाच दिवस झाले होते. टाकीत काठीच्या खालच्या खाचेएवढं पाणी. मी दोन घोट घेतले आणि बाटली पिशवीत टाकली. लघवीलाही गेलो नाही, लागलीच नव्हती. नीट लागतच नाही या रोगात, येते तेव्हा येते. सुई टोचणाऱ्या पोरीनं विचारलं, "बाबा, पाणी संपलं?" मी म्हणलं, "व्हय."

ही सवय आजची नाही. बहात्तरच्या दुष्काळात आमच्या विहिरीला तळ लागला होता. ही कमरेला दोर बांधून आत उतरायची आणि झऱ्याखाली वाटी धरून बसायची. वाटी भरली की घागरीत, घागर भरली की वर. वर बायांची रांग. घागर आली की मी दोन घोट घ्यायचो आणि खाली ठेवायचो. तीही दोनच घ्यायची. मागं कोणीतरी तहानलेलं आहे हे डोक्यात असायचं. पुढं मेंढरं विकली, माळ गेला, शहरात आलो तर हिला काम मिळालं नव्या इमारतींच्या स्लॅबवर पाणी मारायचं. पहिल्या दिवशी घरी येऊन रडली. म्हणली, "दिवसभर सिमेंटाला पाणी पाजलं वो. धा माणसं जगली असती." मुकुंदवाडीतली कितीतरी घरं तिच्या पाण्यावर पक्की झालीत. स्टेशनाकडून येताना ती बोट करून दाखवायची, ही माझी, ती माझी. पुढं पुढं त्या घरांच्या आडून स्टेशनच दिसेना.

स्कॅन करून घरी आलो. हिनं पिशवी उचकली, बाटली निघाली. आधी खूश झाली. माठात ओतायला गेली आणि थांबली.

"हे त्यांनी प्यायला दिलं व्हतं ना?"

मी खरं सांगितलं. हसत सांगितलं.

ती हसली नाही. "मोजणी बिघडवली तुम्ही."

"काय नाय बिघडलं. चार दिवसांनी पण दोनच घोट पितो. दोन्ही बारीला सारखं. आकडा जुळला म्हणजे झालं."

खरं सांगतो, मला वाटलं मी लई हुशारीचं बोललो. तिनं बाटली चुलीजवळ ठेवली आणि माझ्यासमोर बसली.

"फटीतून जाताना दोघांनी मिळून एकच कोकरू मोजायचं सोडलं तर आकडा जुळंल. कोकरू कुठून आणाल?"

मी मुंडासं सोडायला लागलो.

"मला जुळता आकडा नको. मला तुमचा खरा आकडा पायजे. औषध लागतंय का नाय ते मला कळलं पायजे. का उगं त्यांनी कमी झालं म्हणायचं आन मी पेढं वाटायचं?"

"सांगितलं तर काढून टाकतील," मी म्हणलं. "फुकटचं जाईल."

"मग जाऊ दे."

"आन मी सत्तरीच्या वर खोटारडा ठरलो ते?"

"ते तर मला लग्नापासून ठावं हाय," ती म्हणली आणि उठून भाकरीला लागली.

चार दिवस आमचं हेच चाललं. त्या बाटलीतलं पाणी तिनं माठात ओतू दिलं नाही, दारच्या शेळीला पाजू दिलं नाही. मी म्हणलं, देवाजवळ ठेव आता. म्हणली, "ठेवंन. तुम्ही खरं बोलाल तेव्हा तीर्थ म्हणून देईन." चौथ्या दिवशी पाणी भरलं, आणि ती पडली ती पडलीच.

लेक बिडकीनहून आली. भावकी आली. ऊन उतरल्यावर अग्नी दिला. मीच दिला. घरी आलो, माणसं बसली होती, भरलेल्या टाकीतलं पाणी सगळ्यांना पुरलं. एका बाईनं विचारलं टाकीत किती आहे. मी काठी बुडवली आणि आधी तुम्ही सांगा म्हणायला कोणी नव्हतं. मी एकदाच बघितलं आणि सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुंडासं बांधलं आणि चुलीजवळची बाटली पिशवीत घातली.

लेक म्हणली, "बापू, सुतक हाय. आज कुठं निघाला?"

"मोजणीला."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणू दे. तुझी आई म्हणंल ते मला जास्त लागंल."

लेक बरोबर आली. डॉक्टरीणबाईनं माझ्या मागं बघितलं. "आजी नाही आल्या?"

"काल जाळली," मी म्हणलं. ती उभी राहिली. मीच पुढं बोललो. "बाई, मी मागल्या बारीला खोटं बोललो. पाणी प्यालो नाय. दोन घोट घेतले. लघवीला पण गेलो नाय. ही बघा बाटली. काढून टाकायचं तर टाका."

तिनं बाटली हातात घेतली, तशीच परत दिली. मग हळू म्हणली, "फोटोत पिशवी भरलेली दिसत होती, बाबा. कंबरेच्या हाडाजवळचा आकडा मला पटतच नव्हता. मशीनची चूक की शरीरातला फरक, तेच आम्ही शोधत होतो. बरं झालं सांगितलंत." तिनं कागदावर लिहून घेतलं. म्हणली, "पहिला स्कॅन बाजूला ठेवावा लागेल. आजचा पहिला धरू. म्हणजे परत एकदा यावं लागेल. याल का?"

"येईन," मी म्हणलं. "परत मोजायचं म्हणजे परत मोजायचं."

वजन केलं. मुंडासं मी न सांगता काढलं. सुई टोचली. पोरीनं त्याच खोलीत बसवलं आणि नवी बाटली पुढं ठेवली. मी आधी चुलीजवळची उघडली. पाच दिवसांचं पाणी, थोडं धुराच्या वासाचं. घोटामागून घोट घेत सगळं संपवलं. मग पोरीनं दिलेली नवी उघडली, तीही संपवली. दोन घोटांनंतर हात थांबायचा, मागं कोणी आहे का मी बघायचो. कोणी नव्हतं. मी पीत राहिलो. लघवीला जाऊन आलो, आणि पोरीनं विचारायच्या आधीच दोन्ही बाटल्या उलट्या करून टेबलावर ठेवल्या.