कानतुटका कप

ऑफिसात तिला सगळे मावशी म्हणत. संडास धुणाऱ्या बाईला मावशी म्हटलं की माणुसकीचा हप्ता भरल्यासारखं वाटतं. या मावशीचा कप मात्र वेगळा. कान तुटलेला, फिनाइलच्या बाटल्यांशेजारी पालथा घातलेला. बाकीचे कप टेबलावर, ट्रेमध्ये. ते विसळायची तीच. तिनं विसळलेलं चालायचं, तिनं प्यालेलं नाही. एवढं बारीक शास्त्र या लोकांना पाठ. नळ बंद करायला तेवढा विसरतात.

मावशी रडूबाई नव्हती. नवरा गेल्यावर जावांनी मारलेले टोमणे तिनं त्यांच्याच नकला करून परतवले होते. तिला त्या टेबलापाशी बसून, त्यातल्याच एका कपातून चहा प्यायचा होता. मागून मिळणार नाही हे ठाऊक होतं, म्हणून तिनं सोंग काढलं.

चहाच्या वेळी ती आपला कप फडक्यात गुंडाळून आणायची, ओल्या बाळंतिणीचं पोर आणावं तसा. कुणी जवळ आलं की मागे सरायची.

"लांब व्हा भाऊ, शिवाल. विटाळला तर पुन्हा मलाच घासावा लागतो."

हिशेबाच्या बाई हसून हसून लोळायच्या. "काय नग आहात हो मावशी."

"एकच आहे म्हणून तर जपते, ताई. तुमच्यासारखे काय, ढिगानं मिळतात."

सगळे खो खो. टोमणा गिळायचा आणि वर ढेकर द्यायची, की बघा आपण किती मोकळ्या मनाचे.

वार्षिक कार्यक्रमात तिला तीच नक्कल करायला लावली. लेक सोबत आली होती. "आई, फार ताणू नकोस. ठेकेदार घरी बसवेल." मावशीनं ताणलंच. मोठ्या साहेबांच्या डोळ्यांतून हसून पाणी आलं. विनोदानं समाज बदलतो, असं भाषण त्यांनी ठोकलं आणि आधीच करून आणलेलं बक्षीस दिलं. सोनेरी काठाचा नवाकोरा कप, वर 'मावशी' छापलेलं.

म्हणजे वेगळा तो वेगळाच. आता कान होता, इतकंच.

"साहेब, पहिला घोट तुम्ही घ्या," त्यात चहा ओतून पुढे करत मावशी म्हणाली.

साहेबांना नेमका तेव्हाच आपला दुखरा घसा आठवला.

दुसऱ्या दिवशी चहा ओतून झाला, मंडळी जमली. मावशीनं ट्रेमधला पहिला कप उचलला, घोट घेतला, परत ठेवला. मग दुसरा. मग तिसरा. शेवटचा साहेबांचा.

"आज नक्कल नाही," ती म्हणाली. "घ्या, गार होतोय."

कुणी हसलं नाही. हिशेबाच्या बाईंचा हात ट्रेपर्यंत गेला आणि केस सारखे करायला वळला.

तिला काढलं नाही. काढायचं तर कारण द्यावं लागलं असतं, आणि ते तोंडातून काढायची एकाची छाती होईना. आता जो तो घरून कप आणतो, खणात कुलूप लावून ठेवतो, आपला आपण विसळतो. टेबल आणि ट्रे मावशीच्या एकटीचे. ती खुर्ची ओढून ऐसपैस बसते आणि हवा तो कप घेते.

"मिळालं का मनासारखं?" लेकीनं विचारलं.

"बसायला कुणी नाही सोबत," मावशी म्हणाली. "पण विसळायचं काम वाचलं."