अक्काच्या तक्त्यातलं माझं वर्तुळ

अक्कासमोर नवखा माणूस दोन मिनिटंसुद्धा नवखा राहत नसे. भाजीवाला असो की गॅसची टाकी आणणारा, ती आधी विचारणार, "कुणाचा कोण रे तू?" तीन प्रश्नांत कुणाची तरी नणंद, कुणाची तरी मावसबहीण सापडायची आणि समोरच्याला चहा मिळायचा. धारवाडला आमच्या मळमड्डीत निम्मी लग्नं तिला विचारून ठरत. ती माझ्या आईची थोरली बहीण. सगळे अक्का म्हणत, म्हणून मीही. मी कॉलेजात असताना आई हृदयविकारानं गेली. अक्काला मूलबाळ नव्हतं. तिनं मला आपल्या घरी नेलं आणि माझ्या प्रत्येक गोष्टीत नाक खुपसायचा हक्कही तेव्हाच घेऊन टाकला.

तिच्या अंडाशयात कॅन्सर निघाला, तेव्हा हुबळीच्या दवाखान्यात पुण्याकडच्या एक तरुण डॉक्टरबाई घराण्याचा तक्ता काढायला बसल्या. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ. हा आजार झालेली बाई असेल तर वर्तुळ काळं. अक्का आजार विसरून खुलली. "हे तर माझंच काम की!" म्हणाली आणि भराभर नावं सांगू लागली. पण कोण कशानं गेली असं विचारल्यावर अडखळली. आमच्याकडं बायकांच्या आजाराला नाव नसायचं.

"आमच्या आत्या पोटात पाणी होऊन गेल्या," ती शेवटी म्हणाली.

"वडिलांची बहीण?"

"नाही हो, सासू. आम्ही सासूला आत्याच म्हणतो."

डॉक्टरबाईंनी काढलेलं वर्तुळ खोडलं. सासूचं रक्त यात धरत नाहीत, असं त्या समजावू लागल्या. अक्कानं त्यांचा हात धरला. "खोडू नका. मला मामाला दिलंय. माझी सासू म्हणजे माझ्या आईची आई."

डॉक्टरबाईंनी ते वर्तुळ अक्काच्या आईच्या वर पुन्हा काढलं. मग हळूच म्हणाल्या, "आणि आई?"

"तिचंही पोट असंच फुगलं होतं."

तक्त्यावर दोन वर्तुळं काळी झाली, तिसरं अक्काचं. शेजारी माझ्या आईचं रिकामं वर्तुळ आणि त्याखाली माझं. खोलीचं दार उघडं होतं, तरी मला कोंडल्यासारखं झालं.

अक्काच्या रक्तात दोष सापडला, आईकडून आलेला. डॉक्टरबाई म्हणाल्या, यात एक बरी गोष्ट आहे. या दोषामुळं पेशींना आपली मोडतोड नीट दुरुस्त करता येत नाही. त्यातूनच गाठ होते. पण औषधानं घाव घातला की गाठीलाही तो भरून काढता येत नाही. म्हणून अशा बायकांना औषध बऱ्याचदा चांगलं लागू पडतं.

"म्हणजे ज्यानं ढकललं, तोच हात देतोय," अक्का म्हणाली. "घरचाच माणूस दिसतो."

औषध खरंच लागू पडलं. मग गोळ्या सुरू झाल्या. चार वर्षं तिनं हुबळीच्या बसमध्ये आणि दवाखान्याच्या बाकावर नाती लावली, अळणावरकडच्या एका नर्सचं लग्नही जमवलं.

माझी मात्र सुटका नव्हती. "तुझं वर्तुळ कधी तपासायचं?" हे ती पोहे ढवळताना विचारायची, फोनवर विचारायची, भर हळदीकुंकवात कानात विचारायची. मी मुलीची परीक्षा सांगे, नवऱ्याची बदली सांगे. खरं कारण भीती. आईत तो दोष होता का, माझ्यात उतरला का, हे आता माझंच रक्त सांगणार होतं. तपासलं आणि निघालं, तर अंडाशय काढायचे आणि पुढं हाच प्रश्न मुलीचा. नाही तपासलं, तर पोट जरा फुगलं की जीव टांगणीला. एकदा मी तडकले. "सगळ्यांची नाती लावून झाली, आता मला आजाराशी लाव!"

"नातं असलं तर ते आधीच आहे गं," अक्का म्हणाली. "मी लावत नाही. मी फक्त विचारते."

आजार उलटला तेव्हा ती लवकर थकली. शेवटच्या आठवड्यात तिनं मला एकदाही विचारलं नाही, आणि तेच मला सहन झालं नाही. तेराव्यानंतर मी हुबळीला जाऊन रक्त दिलं. दोष माझ्यातही निघाला. डॉक्टरबाईंनी माझ्या वर्तुळात ठिपका काढला. दोष आहे, आजार नाही. पुढच्या महिन्यात माझं ऑपरेशन आहे.

काल अक्काचं कपाट आवरताना एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर तोच तक्ता सापडला, तिनं स्वतः उतरवून घेतलेला, सोबत तिची बोटभर पेन्सिल. सगळे होते, पार अमरगोळचे चुलतेसुद्धा. माझ्या वर्तुळाखाली मात्र कोरी जागा. जी कुणालाच विसरत नसे, तिनं माझ्या मुलीला वगळलं होतं. तिथं वर्तुळ काढायला तिचा हात धजला नसणार. मला रडू फुटलं.

मुलगी मागून वाकून बघत होती. नाती लावायचा नाद तिला अक्कानंच लावलेला. प्रत्येक नावावर बोट ठेवत ती खाली आली आणि म्हणाली, "आई, यात मी कुठं आहे गं?"

पेन्सिल माझ्या हातातच होती.