निळीचे दात

हौसाआत्या गेल्याचं दत्तानं सकाळी फोनवर सांगितलं. मग म्हणाला, "सुमन, निळीचं काय करायचं? दात वाढत्यात तिचं. आयशिवाय कुणाला जमत न्हाई."

निळी म्हणजे आत्याच्या पिंजऱ्यात उरलेली शेवटची सशाची मादी. तिचे दात वाकडे. दर तीन आठवड्यांनी कापले नाहीत तर तोंड मिटत नाही आणि ती उपाशी मरते. खरं सांगते, मला रडू यायच्या आधी भीती वाटली. मी जन्माची भित्री. पाटसला पोचेपर्यंत एसटीत मी आत्याचा चेहरा आठवायचा प्रयत्न करत होते, आणि डोळ्यांपुढं येत होता तो तिचा अंगठा...

आत्या माझ्या वडिलांची, म्हणजे आप्पांची धाकटी बहीण. आमचं घराणं मूळचं मेंढपाळांचं. आजोबांनी मेंढरं कमी करून शिरूरच्या बाजूला शेती धरली, पण त्यांचा एक नियम घरात सगळ्यांना पाठ होता. कळपातला मेंढा दर दोन वर्षांनी बदलायचा, दुसऱ्याच्या वाड्यातला आणायचा. घरचाच मेंढा ठेवला तर कोकरं लुळी निघतात. हे सांगणाऱ्या आजोबांनीच आपली लेक पाटसला सख्ख्या बहिणीच्या मुलाला दिली. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. घरातली पोर घरात राहिली, म्हणून सगळे खूशच होते. आत्याला तीन मुलं झाली. थोरली दोघं वर्षाचीही व्हायच्या आत गेली. कुणी म्हणालं नजर लागली, कुणी म्हणालं बाहेरचं आहे. दत्ता तेवढा वाचला.

नव्वदीच्या दशकात आमच्याकडं सशांचं खूळ आलं. मामा, म्हणजे आत्याचे यजमान, साखर कारखान्यात कामाला. घरी आत्या एकटी. तिनं परसात उसाच्या वाढ्यांचं छप्पर घातलं आणि चिंचिला जातीचे ससे आणले. दिसायला राखाडी. पण केसांत फुंकर मारली की फुलासारखे थर उघडायचे, खाली पाटीसारखा रंग, मग मोतिया पट्टा, टोकाला काळं. प्रदर्शनात पंच असेच फुंकर मारून बघायचे. थर स्वच्छ तर ससा जातीचा. आत्याच्या सशांना दोनदा बिल्ला मिळाला. मी सुट्टीत जायचे तेव्हा ती गाल फुगवून मला फुंकर शिकवायची आणि आम्ही दोघी हसायचो.

मग एका वेतात एक पिल्लू निळं निघालं. धुरासारखं निळं, थर नाहीत, डाग नाही. बिल्ल्याच्या हिशेबात ते बाद, पण आत्याचा जीव त्याच्यावर जडला. "आसा रंग कुणाच्याच दारात न्हाई," म्हणायची. तसं दुसरं मिळेना, म्हणून तिनं त्याला त्याच्या बहिणीशी लावलं. पुढं बापाला लेकीशी. मेंढा बदलणाऱ्या घरातली बाई! मी एकदा आजोबांचा नियम काढला, तर म्हणाली, "ती मेंढरं, आन् हे ससं." निळी पिल्लं वाढू लागली. त्यांच्याबरोबर वाकडे दातही आले. पिल्लं महिन्याची झाली की ती एकेक मांडीवर घ्यायची, अंगठ्यानं वरचा ओठ उचलायची आणि म्हणायची, "चांगलं." पुढचं घ्यायची, "चांगलं." एखाद्याला काहीच म्हणायची नाही. त्या गप्पपणाची मला इतकी धास्ती बसली होती, की ती ओठ उचलायला लागली की मी सशांसाठी घास कापायचं निमित्त काढून लांब जायचे.

मी वीस वर्षांची असताना शिरूरच्या प्रदर्शनाला ती निळ्यांतला सर्वांत देखणा ससा घेऊन निघाली. मला बरोबर घेतलं. पंच म्हणून आलेले जनावरांचे डॉक्टर वयस्कर, मऊ बोलणारे होते. त्यांनी फुंकर मारलीच नाही. आधी ओठ उचलला. मग विचारलं, "बाई, जोड्या घरातल्या घरात लावता का?"

"व्हय. रंगासाठी."

"रंग मिळतो तसा. पण रंग एकटा येत नाही. रक्तात दडलेलं काही असेल, तेही दोन्हीकडून येऊन भेटतं. एकेकट्यात कधी दिसलं नसतं." ते पुढच्या पिंजऱ्याकडं गेले. आत्या तिथंच उभी राहिली. तिचा चेहरा असा पांढरा पडला, की मला वाटलं हिला चक्कर येणार. मी पाणी आणलं. तिनं ते प्यायलं नाही, माझ्याकडं टक लावून बघत राहिली...  त्या दिवसानंतर तिनं एकही जोडी लावली नाही.

महिन्याभरानं आप्पा सुपारी घेऊन पाटसला गेले. मी दत्ताची, हे मी पाळण्यात असतानाच ठरलेलं. आत्यानं चार माणसांत सांगितलं, "दादा, तुजी पोर माज्या घरात नगं." कारण विचारलं तर मान खाली. आप्पांना वाटलं, बहिणीला मोठं घर दिसलं. ते उठले ते न जेवता. त्यानंतर त्यांची भाऊबीज बंद झाली ती कायमची. दत्ता मला आवडत होता की नाही, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही. नकार मात्र फार लागला.

माझं लग्न दौंडला झालं, नात्याबाहेर. मुलगी आठ महिन्यांची असताना आत्या न सांगता दारात आली. मी धड या म्हटलं नाही. तिनं पोरीला मांडीवर घेतलं आणि अंगठ्यानं तिचा ओठ उचलला.  नुकते आलेले दोन दात तिनं किती वेळ बघितले कुणास ठाऊक.

"चांगलं हायती," ती म्हणाली, आणि रडायला लागली. मग म्हणाली, "माजी दोन गेली ती कशानं, ते मला सशांनी सांगितलं, सुमे. तुजी कशी जाऊ देऊ?"

"मग आप्पांना का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? आपल्या बापानं माजी जोडी लावली, म्हनू? मामा आयकतील तर त्यांना काय वाटंल?" तिनं मला शपथ घातली. मी ती पाळली, आणि याची आता मला लाज वाटते.

तिच्या दिवसकार्यानंतर मी निळीला दौंडला आणलं. नेलकटरही आणलं, आत्याचंच. दात कापायचा दिवस आला आणि मी नेलकटर हातात घेऊन बसून राहिले. जरा खोल गेलं तर रक्त, नाही कापले तर उपास. त्या दिवशी आप्पा आले होते. अंत्यविधीला ते स्मशानाच्या फाटकाशी उभे राहून परतले होते. मी शपथ मोडली, त्यांना सगळं सांगितलं.  निळीला त्यांनी मेंढीचं कोकरू धरावं तसं काखेत धरलं, अंगठ्यानं ओठ उचलला आणि म्हणाले, "काप."

कापून झालं. माझी मुलगी शेजारी बसून बघत होती. आत्या येईल तेव्हा तिचे दात बघायची, तिला तो खेळ वाटायचा. तिनं आपल्या आजोबांपुढं आ केला. आप्पांनी तिचाही ओठ उचलला. बराच वेळ ते गप्प राहिले, आणि माझी जुनी धास्ती परत जागी झाली.

"चांगलं हायती," ते म्हणाले. मग हळूच म्हणाले, "हौसानं समद्यांचं बघितलं. तिच्या लेकरांचं मातर आमी कुणी बघितलं न्हाई."

जाताना चपला घालताना त्यांनी विचारलं, पुढचे दात कधी कापायचे. मी तीन आठवडे म्हटलं. त्यांनी बोटांवर मोजून वार काढला आणि म्हणाले, "मी येतो धरायला."