फिल्टरावरचा नारळ

चूक नानासाहेबांची होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण अकोल्यात हा किस्सा जो तो आपापल्या परीने सांगतो आणि प्रत्येकाच्या सांगण्यात नानासाहेब सुटतात. गॅरेजात किस्से जळक्या ऑइलसारखे साचतात. कोणी फेकत नाही, कोणी गाळतही नाही. मी गाळून सांगतो.

साठ सालानंतरची गोष्ट. अमरावतीला इंटर सायन्स अर्ध्यात टाकून मी अकोल्यात मामाच्या गॅरेजात लागलो होतो. मामा हेड मिस्त्री. नानासाहेब आमचे मोठे गिऱ्हाईक, त्यांची डिझेल ट्रक जिनातून, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यातून, कापसाच्या गाठी वाहायची. ती चालवायचा बळीराम.

✻

दसऱ्याला नानासाहेबांनी ट्रकची पूजा केली. हार चाकांना, लिंबू बंपरला, एवढं सगळेच करतात. नानासाहेबांनी बॉनेट उघडायला लावलं. आत डब्यासारखा हवेचा फिल्टर असतो, इंजिन त्यातून श्वास घेतं. नानासाहेबांनी त्याच्या डोक्यावर नारळ ठेवला आणि तेल-शेंदूर लावलेलं लाल कापड नारळासकट फिल्टरभोवती गच्च आवळलं.

"पुढच्या दसऱ्यापर्यंत याले कोणी हात लावाचा नाही!"

सगळ्यांनी हात जोडले. बळीरामने नाही जोडले. त्याच्या घरच्यांनी छप्पन साली दीक्षा घेतली होती. तो बाजूला उभा राहून टायरची हवा पाहत होता. नानासाहेबांनी ते पाहिलं आणि लक्षात ठेवलं.

✻

महिनाभर ट्रक बरी चालली. मग कापसाचा सीझन भरात आला आणि ट्रक ओढेना. सायलेन्सरमधून काळा धूर, ॲक्सिलरेटर तळाला टेकलेला आणि वेग वरातीचा!

पातूरच्या घाटात तर एक बंडीवाला बाजूने पुढे निघाला. पुढे जाऊन त्याने बैल थांबवले.

"ड्रायवर सायेब, दोर देऊ का?"

बळीराम म्हणाला, "दे बाप्पा. पण बैलाले इचारून घे."

हा किस्सा नानासाहेबांच्या कानावर गेला. बैठकीत बसलेली चार माणसं हसली, आणि ती बैलाला हसली नव्हती. नानासाहेबांनी बळीरामला बोलावलं. "संक्रांतीपर्यंत गाडी घाट चढली पाह्यजे. नाही तं चाबी ठेवून दे."

बळीरामकडे शेत नव्हतं. होती ती चाबी.

✻

आमच्या गॅरेजात एक पद्धत होती. आधी मामा पाहणार. मामाने जे पाहिलं ते दुसऱ्याने पुन्हा पाहायचं नाही, कारण तसं करणं म्हणजे मामाला खोटं पाडणं.

मामाने बॉनेट उघडलं, नारळाला नमस्कार केला आणि म्हणाला, "हवा ठीक हाय."

संपलं. हवेचा विषय तिथेच मिटला. मग मामाने स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावली, डोळे मिटले.

"पंप गेला!"

मी म्हटलं, "मामा, कशावरून?"

"पंचवीस वर्षांपासून आयकून राहिलो. तू कालचा!"

पंचवीस वर्षांत एका कानाने किती ऐकू येईनासं झालं होतं, ते मामीला विचारा.

✻

डिझेलचा पंप काढून अमरावतीला गुलाबभाईंकडे नेला. विदर्भात पंपाला हात लावावा तर गुलाबभाईंनीच, असं गुलाबभाईच सांगायचे. त्यांनी पंप खोलला, पुसला, परत बांधला.

"मियाँ, पंप तो दुल्हन है! नोजल देखो."

नोजल बदलले. धूर तसाच. गुलाबभाई स्वतः अकोल्याला आले. बॉनेट उघडलं. नारळ दिसला तसा त्यांनीही अदबीने हात मागे घेतला.

"हवा किसने देखी?"

"म्या," मामा म्हणाला.

"बस, फिर ठीक है."

एका उस्तादाने दुसऱ्या उस्तादाचा मान राखला. ट्रकचा मान कोणी राखला नाही. मग क्लच खोलला, व्हॉल्व्ह खोलले, डिझेलची टाकी धुतली.

✻

संक्रांत जवळ आली. इंजिनाचे तुकडे पोत्यावर पसरलेले होते. बळीराम बॉनेटमध्ये वाकून बघत होता. जिनातली रुई उडून उडून त्या तेलकट कापडावर गोधडीसारखी बसली होती. कापड आता लाल राहिलंच नव्हतं.

"मालक, समदं खोललं. हे तेवढं रायलं. काढून पाहू का?"

नानासाहेब खुर्चीतून उठलेच. "तुले तं ते खुपतेच! पूजेले हात जोडले नाही तुनं, मनून गाडी रुसली!"

मी मामाला म्हटलं, "काढू दे ना त्याले. काय बिघडते?"

मामा माझ्याकडे न बघता म्हणाला, "कॉलेज सोडलं, आता धरमबी सोडतं का?"

बळीरामने खिशातून चाबी काढली आणि मडगार्डवर ठेवली. कोणाच्या हातात दिली नाही.

✻

इंजिन होतं तसं परत जोडलं, आणि चाबी नानासाहेबांच्या पुतण्याला, वसंताला मिळाली. त्याला रिव्हर्स घेताना रस्ता कमी आणि आरसा जास्त लागायचा, भांग पाहायला. पहिल्या फेरीला मामाने मला सोबत बसवलं.

पातूरच्या पुढे घाटाच्या पायथ्याशी ट्रक धूर ओकत थांबली. इंजिन निवावं म्हणून वसंताने बॉनेट उघडलं आणि आम्ही चहाला गेलो. परत येतो तर उघड्या बॉनेटात, इंजिनावर एक थोराड वानर!

वसंताने तिथेच हात जोडले. वानराने नारळ धरला आणि हिसडा दिला. नारळ कापडात बांधलेला, म्हणून रुईसकट सगळं कापड त्याच्यामागे ओढत झाडावर गेलं.

वसंताने भीत भीत स्टार्टर मारला. ट्रक घाट चढली. धूर नाही, कुरकुर नाही, गाठींसकट तिसऱ्या गिअरमध्ये!

वर पोचल्यावर वसंता म्हणाला, "पाह्यलं? हात लागते, हात!"

अकोल्याला आल्यावर मी मामा आणि नानासाहेबांसमोर सगळं सांगितलं. वानर, नारळ, कापड, घाट. याच क्रमाने.

मामा म्हणाला, "वानर काय मिस्त्री हाय?"

नानासाहेब म्हणाले, "ड्रायवर बदलला अन् गाडी सुधरली. याच्यावर अजून काय पुरावा पाह्यजे तुले?"

बळीराम तेव्हा तिवशाच्या रस्त्यावर गिट्टी फोडायला लागला होता. गावोगावच्या मालकांकडे तोवर निरोप पोचला होता की त्याच्या हाताखाली गाडी रुसते. त्याला परत ट्रक मिळाली नाही.

नानासाहेबांचा एक नारळ गेला, आणि हातभर लाल कापड.