शालिकरामची शाळा

शालिकरामला सत्काराची भारी हौस. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं. गावात जनावरांचा डॉक्टर येवो की विजेच्या खांबावर चढायला वायरमन येवो, शालिकराम शाल आणि नारळ घेऊन हजर. शाल अकोटच्या बाजारातली, एका धुण्यात विरणारी. नारळ मात्र कानाशी हलवून, पाण्याची खात्री करून घेतलेला. सत्कार झालेला माणूस आपल्या गावाला विसरत नाही, अशी त्याची पक्की समजूत होती. ती किती खरी ठरली ते सांगायलाच मी बसले आहे.

मी अकोल्याच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झाले. आमचे यजमान नारायणराव वकील होते. शालिकरामच्या धुऱ्याचा, म्हणजे शेताच्या बांधाचा, खटला त्यांनी चालवला, तेव्हापासून दर शनिवारी हा माणूस जुन्या शहरातल्या आमच्या घरी वांगी नाहीतर पालक टाकून जायचा. खटला कधीच संपला, वकीलसाहेबही गेले. वांगी थांबली नाहीत. पैसे द्यायला गेलं की म्हणायचा, "राहू द्या बाई, साहेबायच्या खात्यावर मांडलं मी." साहेब वरून कसे चुकते करणार होते कोण जाणे.

त्याचं गाव अकोटच्या अलीकडे. नाव लिहीत नाही. अशी गावं पुष्कळ आहेत आणि सगळ्यांचं हेच चाललं आहे. जेमतेम दीड एकर वावर, त्यात भाजीपाला, एका कडेला झेंडू. आणि गावात जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा. शालिकराम तिच्या व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष होता. ही समिती पालकांची असते. मुलगा देवमन आणि सून रुख्मिणी दोघं दिवसभर वावरात, तेव्हा नातू सोहमचा पालक म्हणून सभेला आजोबा जायचे. पहिल्याच सभेत अध्यक्ष कोण, असं विचारल्यावर बाकीच्यांनी जमिनीकडे पाहिलं आणि शालिकरामनं हात वर केला. झाला अध्यक्ष.

पण झाला तो मनापासून. शाळेची वीज कापली, कारण बिल भरायचं अनुदान फेब्रुवारीत येतं आणि बिल दर महिन्याला. शालिकराम त्या वायरमनला गाठून पुन्हा जोडून घ्यायचा. तो सत्कार तेवढा कामी आला, हे मान्य करते. खिचडीत भाजी त्याच्याच वावरातली. आणि सगळ्यांत मोठं काम म्हणजे साधना मॅडम. दोन शिक्षकांची शाळा. मुख्याध्यापक कायम बैठकीत नाहीतर कुठली तरी माहिती ऑनलाइन भरत बसलेले. शिकवायच्या त्या साधना मॅडम. अकोटहून एसटीनं येत, फाट्यावर उतरत, चालत शाळेत. दोन वर्षांत त्यांनी पोरांना असं वाचायला लावलं, की आसपासच्या शाळांच्या केंद्रातल्या चाचणीत ही शाळा पहिली आली.

शालिकराम शनिवारी आला तो वांग्यांची पिशवी खाली न ठेवताच बोलायला लागला.

"बाई, आमच्या शाळेचा पयला नंबर आला! कॉन्व्हेंटवाल्याइच्या तोंडात मारलं."

"मग आता काय, सत्कार?"

"तुमाले कसं समजलं?"

तर असा कार्यक्रम ठरला. मार्च महिना, ऊन लागायला लागलेलं, शाळेच्या अंगणात मंडप. पोरांनी सगळ्या गावासमोर वाचून दाखवायचं. शालिकरामच्या डोक्यात त्यामागे गणित होतं, तेही सांगते. दर जूनला दोन-चार पोरं अकोटच्या कॉन्व्हेंटला जात. इंग्रजी नाव असलेल्या प्रत्येक शाळेला आमच्याकडे कॉन्व्हेंटच म्हणतात. पटावर चोवीस उरली होती. वीस झाली की दुसरा शिक्षक काढून नेतात, असा नियम. म्हणजे साधना मॅडम जाणार. पालकांनी डोळ्यांनी पाहिलं की आपलं पोरगं इथंच कसं तयार झालंय, तर ते कशाला काढतील? मलाही हे पटलं. कोणालाही पटलं असतं.

मी प्रमुख पाहुणी. माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक गुळगुळीत चेहऱ्याचे गृहस्थ.

"हे कोण?" मी शालिकरामला हळूच विचारलं.

"धर्मेंद्र सर. अकोटले कॉन्व्हेंट हाये त्याइचं. होस्टेलची भाजी माह्याकडूनच नेतेत."

"त्यांना कशाला बोलावलंत भाऊ?"

तो माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मीच काहीतरी असभ्य बोलले. "गिऱ्हाईक हाये बाई. कार्यक्रम घ्याचा अन् त्याले सांगाचं नाई? बरं दिसते काय? अन् पाहू द्या ना जरा त्यालेबी."

शाल, नारळ. टाळ्या. धर्मेंद्र सरांनी शाल दोन्ही खांद्यांवर नीट पसरून घेतली.

मग पोरं उभी राहिली. पाठ केलेलं नको म्हणून मी पर्समधला त्या दिवशीचा पेपर काढून दिला. दुसरीतला सोहम. त्यानं कापसाच्या भावाची बातमी वाचली, आणि एका आकड्यापाशी थांबून म्हणाला, "आजोबा, हे तर तुमी सांगतलं त्याच्यापेक्षा कमी हाये." मंडप हसला. जुईली नावाची एक बारकी मुलगी फळ्यावर भागाकार करत गेली, बाकी उरली तर तीही मोठ्यानं सांगितली. आणखी दोघांनी असंच दणक्यात करून दाखवलं. बायका पदर तोंडाला लावून बघत होत्या. साधना मॅडम मागे भिंतीला टेकून उभ्या, स्टेजवर यायला तयार नाहीत. धर्मेंद्र सरांनी स्वतः उठून मुलांना नावं विचारली, बापांची नावं विचारली, पाठ थोपटली. शालिकराम कृतार्थ.

एप्रिलमध्ये धर्मेंद्र सरांची गाडी गावात आली. चार घरांपुढे थांबली. अगदी मोजून त्याच चार, ज्यांच्या पोरांनी स्टेजवर कमाल केली होती. फी निम्मी, गणवेश आमच्याकडून, ने-आण आमच्या गाडीनं. शेवटचं घर शालिकरामचं. भाजी न्यायला आलो, असं म्हणत आत शिरले आणि रुख्मिणीशी बोलून गेले. शालिकरामनं त्यांना चहा पाजला. काय बोलणं झालं ते त्याला रात्री जेवताना कळलं.

चौथीतून जाणारी आणि पहिलीत येणारी सारखीच होती; चोवीसातून हे चार गेले की वीस. सोहम राहिला तर एकवीस, आणि मॅडम राहिल्या. इतकं सरळ होतं ते.

शालिकराम बाकीच्या तीन घरी गेला. एकाच तोंडातून निघाल्यासारखं उत्तर आलं: "आधी आपला ठेवा ना अध्यक्ष. मंग आमाले सांगा." घरी येऊन सुनेपुढे बसला. ती ऐकेना, म्हणून मला बोलावलं. मी गेले. मला वाटलं, दोन शब्द खडसावून सांगितले की झालं. चाळीस वर्षं पोरांना खडसावलंय मी.

रुख्मिणी अंगणात मेथीच्या जुड्या बांधत होती. हात थांबवला नाही.

"रुख्मिणी, इतकं चांगलं शिकतंय पोरगं, तिथं नेऊन काय मिळवणार आहेस?"

"चांगलं शिकते म्हनूनच त त्याइनं फी कमी केली. ढ असता तर इचारलं असतं काय?"

"पण शिकवलं कोणी? साधना मॅडमनी."

"मॅडम चांगल्या हायेत. मी कधी नाई म्हनलं? पन मॅडमची बदली झाली तर? चौथीनंतर कुठी जाईन हा? तवा कोन घेनार त्याले निम्म्या फीत?"

शालिकराम मध्ये पडला. "अवं रुख्मिणी, हा गेला तर मॅडम जातीन. तू थांबली तर त्या थांबतीन."

"मामाजी, माह्या पोरावर शाळा उभी करता काय तुमी?"

मी म्हटलं, "अगं, सगळ्यांनीच असा विचार केला तर—"

तिनं पहिल्यांदा मान वर केली. "बाई, तुमचा नातू कुठी शिकते?"

केयूर पुण्यात शिकतो. कुठल्या शाळेत, कुठल्या भाषेत, हे काही मला सांगावं लागलं नाही. तिनं जुडी बांधली, पुढची घेतली. मी चहा घेतला आणि उठले. तिचं चुकलं होतं असं मला तेव्हाही म्हणता आलं नाही, आताही येत नाही. राग मात्र आला. कोणाचा, ते नक्की कळेना, म्हणून परतीच्या एसटीत कंडक्टरवर काढला.

मग मी शालिकरामला म्हटलं, चला जिल्हा परिषदेत. नियमाला काही सूट असेल. पूर्वी अशा वेळी आपल्या भागाच्या मेंबरला धरायचं असे. शालिकरामनं जुन्या सवयीनं पिशवीत शाल-नारळ घेतलेच होते. पण मेंबर कुठला? सदस्यांची मुदत संपलेली, निवडणूक झालेली नाही, कारभार प्रशासकाकडे. शिक्षण सभापतींच्या दालनाला कुलूप, दारापुढे मोडक्या खुर्च्या एकावर एक रचलेल्या.

"मंग आता सत्कार कोनाचा कराचा?" शालिकरामनं खरोखरीच विचारलं.

एका अधिकाऱ्यानं आम्हाला बसवलं, पाणी दिलं. तरुण होता, सभ्य होता. उर्मट असता तर भांडता तरी आलं असतं. गावाचं नाव ऐकताच चेहरा उजळला.

"अरे, तुमची शाळा तर वाचनात वर आहे! आम्ही बैठकीत उदाहरण देतो तिचं."

"मंग साहेब, तिथली मॅडम काहून नेता?" शालिकराम म्हणाला.

"मी कुठं नेतोय काका? गुणवत्ता वेगळी, पट वेगळा. शिक्षक पटावर मिळतो. सप्टेंबरअखेर एकवीस मुलं दाखवा, मॅडम तुमच्या."

मी म्हटलं, "म्हणजे शाळा चांगली चालली म्हणून मुलं पळवली, आणि मुलं पळवली म्हणून शाळेची शिक्षा. हे तुम्हाला दिसतं ना?"

"दिसतं मॅडम."

"मग लिहा वर."

"लिहितो. वरून काय येणार तेही तुम्हाला सांगू शकतो." त्यानं माझा ग्लास पुन्हा भरला. "माझीही आई जिल्हा परिषदेच्याच शाळेत होती, शिक्षिका." त्याच्या हाती जेवढं होतं तेवढं त्यानं दिलं, ते म्हणजे पाणी.

बाहेर आल्यावर शालिकराम जिन्यात थबकला. "बाई, त्याले शाल द्याची राहिली."

"द्या जाऊन!" मी ओरडलेच. तो खरंच परत वर गेला आणि रिकाम्या पिशवीनं खाली आला.

जूनअखेर शाळा उघडली. पहिल्या दिवशी प्रवेशोत्सव असतो, नव्या मुलांना फुलं देऊन आत घ्यायचं. शालिकरामनं मला बोलावलं होतं. मी म्हटलं, आता तुम्ही कसले अध्यक्ष? नातू गेला की पालकपण संपलं. म्हणाला, "आज दुपारी सभा हाये, नवा निवडाले. तवापर्यंत मीच हावो." एका बाजूनं खरं होतं. नवा मिळेल की नाही, ही शंका वेगळी.

मी सकाळच्या गाडीनं फाट्यावर उतरले. साधना मॅडमही तेव्हाच अकोटहून येणाऱ्या गाडीतून उतरल्या. पाहतो तर समोर कॉन्व्हेंटची पिवळी गाडी उभी. जुईली, ती दोन मुलं आणि सोहम, सगळ्यांच्या गळ्यात टाय. शालिकरामच्या हातात झेंडूची टोपली. गाडीची पायरी उंच. ड्रायव्हर स्टिअरिंग सोडायला तयार नाही. मग शालिकरामनं टोपली रस्त्याच्या कडेला ठेवली आणि एकेकाला बगलेत धरून आत चढवलं. आधी जुईलीला, मग त्या दोघांना. शेवटी सोहम.

"मॅडम!" सोहम खिडकीतून ओरडला. "मी आजपासून ह्या गाडीत!"

"हो रे," साधना मॅडम म्हणाल्या. "वाचत राहा हं."

"तुमी नाई येत?"

मॅडम हसल्या. त्यांनी टोपली उचलली आणि शाळेच्या वाटेला लागल्या. मागे वळून पाहिलं नाही.

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. "आजोबा, दार लावा. ते बायेरूनच लागते."

शालिकरामनं दार ओढलं. नीट बसलं नाही. त्यानं ते पुन्हा उघडलं, सोहमचा पाय आत सरकवला, आणि या वेळी खांदा लावून पक्कं लावलं.