भास्करच्या पायाचं पथ्य

मी लष्करी इस्पितळात नर्सिंग ऑफिसर होते. शेवटची पोस्टिंग आसामात, सर्जिकल वॉर्डवर. वडिलांना अर्धांगवायू झाला. घरात दुसरं कोणी नव्हतं, म्हणून कॅप्टनच्या रँकवर कमिशन सोडून जानेफळला परतले. पहिल्याच हिवाळ्यात वडील गेले. मी राहिले. गाव मान द्यायचं, पण ओट्यावर बसायला कोणी यायचं नाही.

त्याच सुमारास नायक भास्कर सिक लीव्हवर आला. इन्फन्ट्रीचा जवान. डोंगरात गाडी उलटून त्याची उजवी मांडी मोडली होती. प्लास्टर निघालं होतं, ऑपरेशनची जखम वरून भरली होती, पण मांडी दंडाएवढी बारीक झाली होती. दोन महिन्यांनी मेडिकल बोर्ड होतं. पाय भरला नाही तर पलटण सुटणार होती.

तो काठी टेकत आला, टाचा जुळवल्या आणि म्हणाला, "जय हिंद, मॅडम." कित्येक दिवसांत मला तसं कोणी म्हटलं नव्हतं.

मागे त्याची आई, गोदाकाकू. "बाई, मेहकरचा कंपाउंडर म्हनते, डब्यातली प्रोटीनची पावडर घेतल्याबिगर मास भरत नाई. अकोल्याहून मांगवा लागते. म्हैस इकून टाकतो."

"दूध देते?"

"हाव, दोन्ही टाइम."

"ते कोण पितं?"

"ष्टँडावरचा चायवाला नेते."

"आणि हा काय जेवतो?"

"भाकर अन् पाल्याच्या भाजीचं पानी. जखमेवर दूध, वरन, शेंगदाने कोन देते, बाई? पू धरते."

भास्कर खाली बघत होता. "माय देते थे खातो, मॅडम."

आमच्या वॉर्डात ती पावडर असायची. जबड्याला गोळी लागलेल्यांना, भाजलेल्यांना, ज्यांना अन्न जात नाही त्यांना आम्ही ती द्यायचो. चालत्या-फिरत्या जवानाला मेसचं ताट पुरायचं. ताटाबरोबर व्यायाम. एकट्या खाण्यानं स्नायू होत नाही, एकट्या व्यायामानंही नाही. तरी मी एक दिवस विचार केला. डबा मागवणं सोपं होतं. औषध म्हटलं की गोदाकाकूंनी तो मुकाट्यानं दिला असता. वरणाचं तसं नव्हतं. पण डबा संपला असता आणि गोठा रिकामा राहिला असता.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेले. "पावडर नको. म्हैस राहू द्या. दोन्ही वेळा दूध, घट्ट वरण आणि मूठभर शेंगदाणे. व्यायाम मी सांगेन तेवढाच."

"अन् पू झाला तं?"

"जखम रोज मी पाहीन. झाला तर माझ्यावर."

पावलाला वाळूची पिशवी बांधून पाय सरळ उचलायचा, हा व्यायाम माझ्या ओट्यावर चालायचा. मधल्या विश्रांतीत तो मेसच्या, डोंगरावरच्या पोस्टच्या, ओल्या ब्लँकेटच्या गोष्टी सांगायचा. मी चहाचे दोन कप मांडायचे.

तिसऱ्या आठवड्यात गोदाकाकू दारात उभ्या राहिल्या. "चाला. पाहा तुमच्या वरनानं काय केलं थे."

गुडघा टम्म सुजला होता. शेजारणी जमल्या होत्या. मी जखम दाबून पाहिली. कोरडी होती. थर्मामीटर लावला. ताप नव्हता. शेजारणींना बाहेर काढलं. गोदाकाकू हलल्या नाहीत.

"नायक भास्कर, काय केलंस?"

"बैठका मारल्या, मॅडम. आखाड्यात."

"ऑर्डर होती?"

"नाई, मॅडम."

"किती मारल्या?"

"मोजल्या नाईत."

"पलटणीत परेड अशीच करता काय?"

त्याला हसू आलं. गोदाकाकूंनी त्याच्या पाठीत धपाटा घातला. "बैताडा! तुह्यापायी मी या बाईले बोलली ना बे!"

सूज ओसरेपर्यंत गार पाण्याच्या घड्या आणि सक्त विश्रांती. वरण थांबलं नाही. त्या संध्याकाळी गोदाकाकूंनीच वाटी पुढे सरकवली.

बोर्डानं त्याला फिट ठरवलं. तो युनिटला गेला. मी पुन्हा एकच कप मांडू लागले.

पासष्टच्या लढाईत तो पंजाबच्या सीमेवर पडला. तार इंग्रजीत होती, म्हणून पोस्टमन आधी माझ्याकडे आला. गोदाकाकू चुलीपुढे होत्या. मी उभ्यानंच सांगितलं. बसून सांगणं जमलं नसतं.

पुढे त्याच्या प्लाटूनचा एक जवान सुट्टीत भेटायला आला, देऊळगाव राजाचा. गोदाकाकूंनी त्याला एकच विचारलं, "पायानं दगा तं नाई देल्ला?"

"नाही, माय. जखमी हवालदाराला त्यानं पाठीवर आणलं. मग दुसऱ्याला आणायला पळत गेला."

"पळत?"

"हो, माय. पळत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

आता गोदाकाकूही गेल्या. नायक भास्कर, इन्फन्ट्री, राहणार जानेफळ. हे नाव घेणारी गावात मी एकटी आहे. मी त्याला काठीनं चालताना पाहिलं, काठीशिवाय एस.टी.त चढताना पाहिलं. पळताना कधीच पाहिलं नाही.